केंद्रस्थ आज्ञावली आणि संशोधकाचे गणन

विद्यापीठाच्या आवारातील एखाद्या साध्या संगणकावर विद्यार्थी संख्याशास्त्राची आज्ञावली उघडतो, आकडे भरतो आणि उत्तर पडद्यावर उमटते. ती आज्ञावली त्या यंत्रावर बसविलेली असेलच असे नाही. पुष्कळदा ती संगणककेंद्रातील सर्व्हरवर असते व तेथून जाळ्याद्वारे पुरविली जाते. अशा आज्ञावलीस आभासी म्हणतात. या शब्दाने गैरसमज होण्याचा संभव आहे. गणन खरेच असते. आभास असतो तो आज्ञावली समोरच्या यंत्रात वसत असल्याचा.

ही कल्पना नवी नव्हे. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी एकाच संगणकाचा काळ अनेकांत वाटून देणारी पद्धत प्रत्यक्ष करून दाखविली. त्याच संस्थेत १९८३ ते १९९१ या काळात 'अथेना' हा प्रकल्प चालला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही यंत्रापुढे बसावे आणि तेथे त्याला आपल्याच फाइली व त्याच आज्ञावली मिळाव्यात, हा त्याचा हेतू. पडद्यावरील चित्र जाळ्यातून दूर पाठविणारी 'एक्स विंडो' आणि वापरणाऱ्याची ओळख पटविणारी 'कर्बेरॉस' या दोन पद्धती या प्रकल्पाच्याच परिसरात जन्मास आल्या.

आज या पुरवठ्याच्या मुख्यतः दोन रीती आढळतात. पहिल्या रीतीत आज्ञावली सर्व्हरवरच चालते. कळफलक व माउस यांच्या हालचाली तिकडे जातात आणि पडद्याचे चित्र इकडे येते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यास प्रत्येक बिंदूमागे ३ बाइट धरल्यास एका चित्राचे ६२,२०,८०० बाइट होतात. सेकंदास ६० चित्रे म्हणजे ३७ कोटींहून अधिक बाइट. एवढा भार सामान्य जाळ्यास पेलणारा नाही. म्हणून चित्राचा बदललेला भाग तेवढाच, तोही संक्षिप्त करून, पाठविला जातो. दुसऱ्या रीतीत आज्ञावलीचे आवश्यक भाग समोरच्या यंत्रावर येतात आणि एका वेगळ्या कोषात तेथेच चालतात. पहिल्या रीतीत जुने यंत्रही पुरेसे होते. दुसरीत यंत्राचे सामर्थ्य लागते.

ज्यास महाग आज्ञावली किंवा शक्तिमान यंत्र विकत घेणे शक्य नाही अशा विद्यार्थ्यास या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. मात्र तिच्याबरोबर तीन गोष्टी ओघानेच येतात. पहिली परवान्यांची. एका वेळी ५० जणांनाच वापराचा परवाना असेल, तर एकावन्नाव्यास थांबावे लागते. नुसती खिडकी बंद केल्याने किंवा जोडणी तोडल्याने सर्व्हरवरील सत्र संपेलच असे नाही; ते परवाना अडवून राहू शकते. म्हणून रीतसर बाहेर पडणे हे दुसऱ्याविषयीचे कर्तव्यही ठरते.

दुसरी फाइलींची. अनेक ठिकाणी सत्र संपताच ते आभासी यंत्र मूळ स्थितीस नेले जाते. त्याच्या डेस्कटॉपवर ठेवलेले दिवसभराचे काम त्याबरोबर नाहीसे होते. केंद्राने नेमून दिलेल्या वैयक्तिक जागीच काम जतन केले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ती म्हणजे आवृत्ती. केंद्राने आज्ञावली बदलली की ती सर्वांसाठी एकदम बदलते, आणि चिन्ह मात्र तेच राहते. 'आर' या संख्याशास्त्रीय आज्ञावलीच्या ३.६.० या आवृत्तीत (२०१९) यादृच्छिक नमुना निवडण्याची मूळ रीत बदलण्यात आली. तेव्हापासून तेच बीज आणि तीच आज्ञा दिली तरी पूर्वीहून निराळा नमुना निघू शकतो. जुनी रीत मागून घेता येते. पण बदल झाला आहे हे ठाऊक असेल तरच. प्रबंधातील कोष्टक वर्षभराने पुन्हा काढू पाहणाऱ्याला आकडे जुळत नाहीत, तेव्हा दोष पद्धतीचा की आवृत्तीचा, हे नोंदीवाचून ठरविता येत नाही.

तेव्हा आज्ञावलीचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, वापराचा दिनांक आणि यादृच्छिक बीज यांची नोंद प्रत्येक निष्कर्षासोबत असणे अगत्याचे आहे. आज्ञावली सांभाळण्याचा भार केंद्राने उचलला, तरी निष्कर्षाची जबाबदारी संशोधकाकडेच राहते.