परिचारिकेच्या भेटींचे अंतर

वडिलांच्या टाचेवरील जखमेची पट्टी बदलण्यासाठी परिचारिका रोज घरी येत असे. दहा दिवसांत जखम सुकल्यासारखी दिसू लागली आणि आठवड्यातून दोन भेटी पुरेत, असे मी ठरविले. प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे; आकड्यांत आयुष्य गेलेला माणूस दुसरे काय करणार? चौथ्या दिवशी पट्टी सोडली, तर आत पू साचलेला. वडील मात्र ‘दुखत नाही’ असेच सांगत होते. मधुमेहाने पायाची संवेदना क्षीण होते, हे मी विचारातच घेतले नव्हते.

डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत विचारले, “साहेब, बँकेत सर्व कर्जखात्यांची तपासणी एकाच अंतराने करीत होता का?”

बिघाड किती लवकर होऊ शकतो आणि घरात तो ओळखणारे कोण आहे, यावर भेटींचे अंतर ठरते. इस्पितळातून परतल्यावर आरंभी भेटी दाट हव्यात; प्रकृती स्थिरावली की विरळ. इन्सुलिनची सुई घरचे शिकू शकतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे तर घरच्यांनाच करावे लागते. आमच्याकडे मुलगा दिवसभर पेढीवर, आणि माझी दृष्टी अधू. अखेर सूनबाई परिचारिकेकडून लाली, दुर्गंधी, स्राव ओळखावयास शिकल्या. तेव्हा कुठे भेट एक दिवसाआड झाली.

मधल्या दिवशी वडील दाराकडे पाहत विचारतात, “आज ती पोर येणार नाही का?”