वाढून घेतलं की वाढून दिलं?

शनिवारी दुपारी तीनला माझ्याकडे सहा-सात जणी जमतात. सगळ्या घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या, बारा-बारा तासांच्या ड्यूटीवरच्या. कुणी रात्रपाळी उरकून, दोन तास पाठ टेकून आलेली असते, तर कुणाला रात्री आठला हजर व्हायचं असतं. त्यांना इंग्रजी हवं असतं ते ड्यूटीच्या वहीसाठी. पेशंटची मुलं परगावी नाहीतर परदेशात असतात. वहीच्या पानाचा फोटो त्यांना रोज जातो आणि डॉक्टरही आले की तीच वही चाळतात. त्यामुळे वही इंग्रजीत लिहा, असं बहुतेक घरांतून सांगितलेलं असतं.

मध्यंतरी एका वहीत ओळ सापडली: 'पेशंट एट हिमसेल्फ.' लिहिणारीला म्हणायचं होतं की काका आज स्वतः जेवले. अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन महिने ज्यांना दुसऱ्याने भरवलं, त्यांनी डाव्या हातात चमचा धरून वाटीभर वरणभात संपवला होता. त्या घरात त्या दिवशी याहून मोठी बातमी नव्हती. पण इंग्रजीत त्या ओळीचा अर्थ निघतो, पेशंटने स्वतःला खाल्लं.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. तिच्यामागे चांगलं मराठी आहे. आपण 'स्वतः जेवले' म्हणतो आणि 'स्वतःला आरशात पाहिलं' म्हणतो. दोन्हींतला फरक 'ला' या प्रत्ययाने सांगितला जातो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हिमसेल्फ'च. प्रत्यय नाही, तेव्हा अर्थ ठरतो तो शब्दाच्या जागेवरून आणि आधीच्या क्रियापदावरून. 'एट'ला लागून जे येईल ते खाल्लेला पदार्थ समजलं जातं. तिला हवं होतं 'ही फेड हिमसेल्फ'. 'फीड' म्हणजे भरवणं, आणि भरवणारा हात त्यांचाच.

हे नियम सांगून पटत नाही, म्हणून मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या आहेत. टेबलावर चार ठेवते: 'ही', 'कट', 'हिमसेल्फ', 'बॅडली'. दाढी करताना काकांना बरंच कापलं, असं मांडा म्हणते. पहिल्यांदा बहुतेक जणी 'कट'नंतर 'बॅडली' ठेवतात, कारण मराठीत 'बरंच कापलं' हे शब्द जोडीने येतात. मग आम्ही चिठ्ठ्या सरकवतो. 'हिमसेल्फ' इथे कर्म आहे, ते क्रियापदाला चिकटून राहतं. क्रियाविशेषणाला मध्ये शिरू देत नाही. म्हणून 'ही कट हिमसेल्फ बॅडली'.

मग दुसरा डाव. 'ही ओपन्ड द डोअर स्लोली हिमसेल्फ.' दार हळूहळू उघडलं, पण उघडलं त्यांनीच. इथे कर्म 'डोअर' आहे आणि 'हिमसेल्फ' नुसता जोर देतं. ते शेवटी जाऊ शकतं, 'ही'च्या शेजारीही बसू शकतं. ओळखायची खूण अशी: चिठ्ठी उचलून बाजूला ठेवा. दाराचं वाक्य तसंच उभं राहतं, जोर तेवढा जातो. कापल्याच्या वाक्यात लगेच प्रश्न येतो, काय कापलं? एकीने ती चिठ्ठी तीन-चारदा उचलून परत ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे मॅडम, एक खांब आहे आणि एक तोरण." मी तेव्हापासून असंच शिकवते.

माझी खरी अडचण सुटली ती मात्र एका जुन्या मराठी क्रियापदाने. 'घेणे'. या बायकांच्या बोलण्यात दिवसभर दोन शब्द येतात: घेतलं आणि दिलं. काकांनी अंग पुसून घेतलं, मी पाठ पुसून दिली. आजींनी बटणं लावून घेतली, साडीच्या निऱ्या मी घालून दिल्या. कुणी काय केलं आणि ते कुणासाठी, हा हिशेब मराठी क्रियापदातच ठेवते. जेवणे आणि जेवू घालणे, निजणे आणि निजवणे, अंघोळ करणे आणि अंघोळ घालणे, ही तीच व्यवस्था. इंग्रजी यातला बराच हिशेब 'सेल्फ'कडे सोपवते. 'वाढून घ्या' म्हणजे 'हेल्प युअरसेल्फ', यात मदतीचा प्रश्नच नाही. म्हणून मी सांगते, आधी वाक्य मराठीत मनात म्हणा. त्यात 'घेतलं' आलं, तर इंग्रजीत 'सेल्फ' लागतं का ते बघा.

दरवेळी लागत नाही. 'ही शेव्ड', 'ही वॉश्ड', 'शी ड्रेस्ड' एवढं पुरतं, कारण धडधाकट माणूस या गोष्टी स्वतःच करतो हे इंग्रजी गृहीत धरते. पण आजारी माणसाच्या वहीत असं काही गृहीत धरता येत नाही. 'शी ड्रेस्ड हरसेल्फ' लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, आज कुणाचा हात लागला नाही. डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला बार्थेल निर्देशांक आजही वापरात आहे. त्यात जेवण, अंघोळ, कपडे, जिने चढणं अशा दहा बाबी असतात आणि एकूण गुण १००. स्वतः जेवलं तर १०, घास बारीक करून द्यावे लागले तर ५. वहीतल्या एका 'हिमसेल्फ'ने पाच गुण इकडचे तिकडे होतात.

'बाय हिमसेल्फ'ला मी जपून हात लावायला सांगते. त्याचे अर्थ दोन: कुणाच्या मदतीशिवाय, आणि एकट्याने. 'ही वॉक्ड टू द बाथरूम बाय हिमसेल्फ' हे वाचून घरचे विचारू शकतात, मग तुम्ही कुठे होतात? त्यापेक्षा 'विदाउट हेल्प' लिहावं आणि पुढे 'आय स्टूड निअर हिम' जोडावं. या 'निअर'नंतर साधं 'हिम'च येतं, कारण उभी राहणारी ती आणि चालणारे काका, माणसं दोन.

सगळ्यांत जास्त वेळ एका ओळीवर गेला: 'पेशंट फेल हिमसेल्फ.' लिहिणारी गप्प होती. आधीच्या एका घरी पेशंट पडले तेव्हा दोष हिच्यावर आला होता आणि आठ दिवसांचे पैसे कापले गेले होते. 'ते स्वतःहून पडले, मी पाडलं नाही' हे तिला त्या एका शब्दात सांगायचं होतं. पण 'फॉल'ला कर्म चालत नाही आणि नुसत्या 'हिमसेल्फ'मध्ये 'स्वतःहून' मावत नाही. आम्ही जे घडलं तेच लिहिलं: हाक न मारता उठायला गेले, पडले, कोपराला लागलं. 'ही ट्राइड टू गेट अप विदाउट कॉलिंग मी अँड फेल. ही हर्ट हिज एल्बो.' 'ही हर्ट हिमसेल्फ' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मराठीत 'त्यांना लागलं' म्हणताना कर्ता कुणीच नसतो, इंग्रजीत तो माणूसच कर्ता होतो, पण त्यात आरोप नसतो. हे माहीत नसलेल्या मुलाने दूरदेशी त्याचा अर्थ 'स्वतःला इजा करून घेतली' असा लावला, तर रात्रीची झोप उडेल.

ज्यांच्या घरी अशी वही लिहिली जाते त्यांना माझी विनंती आहे. घरातली माणसं मराठी वाचत असतील, तर वही मराठीत लिहू द्या. 'काकांनी वाढून घेतलं, भात मी कालवून दिला' ही ओळ कुठल्याही तक्त्यापेक्षा कमी नेमकी नाही. डॉक्टरांसाठी इंग्रजी लागतं, ते या बायका शनिवारी येऊन शिकत आहेत. तोवर एखादी ओळ विचित्र वाटली, तर तिच्यावरून मत बनवण्याआधी फोन करून मराठीत विचारा.