मीटर खूश, अँटेना उपाशी

हौशी रेडिओवाले ट्रान्समीटरशेजारी मीटर जोडून एसडब्ल्यूआर बघतात. अँटेनाकडे धाडलेल्या शक्तीपैकी किती उलट फिरली, याचा हा अंदाज. १ आला तर काहीच परतले नाही. ३ आला तर पाव हिस्सा परतला. आता समजा, केबलमध्ये पावसाचे पाणी शिरले आहे आणि १०० वॅटपैकी ५० तिच्यातच जिरतात. उरलेल्यांतले साडेबारा अँटेना परतवते, त्यांतलेही निम्मे वाटेत संपतात. मीटरपाशी येतात जेमतेम सव्वासहा, नि आकडा दिसतो १.७! आपण निर्धास्त, पलीकडचा मात्र म्हणतो, तुमचा आवाजच येत नाही. तेव्हा एकदा मीटर घेऊन गच्चीवर जा, अँटेनाच्या बुडाशी जोडा. तिथे ३ दिसला, तर अँटेनाबरोबर केबलकडेही बघायला हवे.