साहस, सत्त्व आणि प्रकृती

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दोराने उतरणारे किंवा कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे तरुण रुग्ण म्हणून आले, की ‘वातप्रकृती, चंचल’ अशी नोंद करण्याकडे आपला कल असतो. ग्रंथाधार मात्र निराळा आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात (अध्याय ८) वातल व्यक्ती शीघ्र त्रास पावणारी, म्हणजे लवकर भिणारी सांगितली आहे. साहस हा गुण वाग्भटांनी अष्टांगहृदयात पित्तप्रकृतीच्या वर्णनात घातला आहे.

आधुनिक मानसशास्त्रात मार्व्हिन झुकरमन यांनी १९६४ मध्ये उत्तेजनशोधाची मापनश्रेणी मांडली. पुढे तिचे थरार व साहसाची ओढ, नव्या अनुभवांची ओढ, संयमाचा अभाव आणि कंटाळा न सोसणे असे चार घटक झाले. अतिसाहसी खेळाडूंत पहिला घटक प्रकर्षाने आढळतो. संयमाचा अभाव असतोच असे नाही, आणि हा भेद चिकित्सकास महत्त्वाचा आहे. ॲलेक्स हॉनल्ड याने ३ जून २०१७ रोजी अमेरिकेतील एल कॅपिटनचा सुमारे ३००० फुटी कडा दोराविना ३ तास ५६ मिनिटांत सर केला. त्यापूर्वीच्या मेंदू-तपासणीत भयाशी निगडित अमिग्डला या भागाचा प्रतिसाद अत्यल्प दिसला होता. तरीही त्याने ही वाट दोर बांधून वारंवार घोटली होती. याला अविचार कोण म्हणेल? हे प्रवर सत्त्वाचे लक्षण मानावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चरकांनी सूत्रस्थानात (अध्याय ७) धारणीय वेगांमध्ये साहस गणले. पण ‘अशस्त’ हे विशेषण लावून. निदानस्थानात शोषाच्या चार कारणांतील साहस म्हणजे स्वबलाचा विचार न करता केलेले कर्म होय. म्हणजे निंदा धैर्याची नाही, बलाचे भान सुटण्याची आहे.

मनःस्थितीची दुसरी बाजूही आहे. २००६ च्या एका डच अभ्यासात विमानातून उडी घेणाऱ्या खेळाडूंत, नौकानयनपटूंच्या तुलनेत, दैनंदिन गोष्टींतील आनंद कमी आढळला. हे कारण की परिणाम, हे त्यातून ठरत नाही. अस्थिभंगामुळे खेळ बंद पडलेल्या अशा रुग्णात अनिद्रा, चिडचिड वा अरति दिसल्यास केवळ वेदनेस दोष देऊन थांबू नये. खेळ नसलेल्या दिवशी झोप कशी लागते, घरच्यांत मन रमते का आणि हवामान बिघडल्यावर अर्ध्या वाटेवरून परत फिरल्याचा प्रसंग कधी आला होता का, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे आले, तर नातेवाइकांनाही बोलावून घ्यावे.