लोकर : विंचरावी की पिंजावी?

१९३७ साली वर्ध्याला मूलोद्योग शिक्षणाची योजना मांडली गेली, तेव्हापासून टकळी आणि कापसाचा पेळू प्राथमिक शाळांच्या परिचयाचे झाले. परंतु बालाघाटाच्या माळावरील अनेक गावांत मुलांच्या हाताशी असते ती दख्खनी मेंढीची लोकर. तिचा भाव पुष्कळदा कातरणीची मजुरीही भरून काढीत नाही. त्यामुळे ती उकिरड्यावर टाकली जाते. शाळेस ती मागितल्यास सहज मिळेल. मात्र कापसाची रीत लोकरीस जशीच्या तशी लागू पडत नाही, हे शिक्षकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

प्रथम निवड करावी. पाठीवरची व खांद्यावरची लोकर एकीकडे आणि पोटाची व पायांची आखूड, मळकी लोकर दुसरीकडे ठेवावी. काळी, पांढरी, करडी असे रंगही वेगळे करावेत. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ते अत्यंत मऊ असल्याने इतर लोकरीत मिसळू नये. रोगाने मेलेल्या जनावराची लोकर वर्गात मुळीच आणू नये, कारण काळपुळीचे जंतू लोकरीतून माणसास बाधतात. कोमट पाणी व रिठा यांनी लोकर धुवावी, पण चोळू नये. चोळल्याने केस एकमेकांत अडकून तिचा गोळा बनतो.

मग एक बट दोन्ही टोकांशी चिमटीत धरून ताणावी. केस बळकट, एकसारखे आणि बोटाहून लांब असतील तर ती लोकर विंचरण्याजोगी समजावी. एक फणी पक्की बसवून तीवर लोकर अडकवितात व दुसरी तीतून ओढीत नेतात. आखूड केस दातांत मागे राहतात, लांब केस समांतर होतात आणि त्यांचे सूत गुळगुळीत निघते.

दख्खनी लोकर या कसोटीस सहसा उतरत नाही. मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते, म्हणून केस आखूड. शिवाय मऊ लोकरीत जाड, पोकळ गाभ्याचे राठ केस मिसळलेले असतात. उत्साहाने लोखंडी फण्या आणल्या, तर बरीचशी लोकर दातांतच अडकून वाया जाते. हा दोष लोकरीचा नव्हे, हत्याराच्या निवडीचा होय. धनगर कुटुंबांत म्हणूनच ती बोटांनी उकलून, कुसळे व गोखरू वेचून, मग धनुकलीच्या तातेने पिंजतात. केस आडवेतिडवे राहतात, सूत खरबरीत व फुगीर होते, त्यात हवा कोंडून राहते. घोंगडीची ऊब ती हीच. सणगर विणकर पुढे ताण्यास चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे असले सूतही मागावर टिकते.

हे काम वर्गातील मेंढपाळाचा मुलगा पुष्कळदा शिक्षकाहून अधिक जाणतो. कळपाबरोबर स्थलांतर करावे लागल्याने त्याची हजेरी तुटलेली असते आणि वाचनात तो मागे पडलेला असतो. लोकर उकलण्याचे पहिले प्रात्यक्षिक त्यासच करावयास सांगावे. शक्य झाल्यास त्याच्या आजीस शाळेत बोलवावे. त्याने सांगितलेले शब्द फळ्यावर लिहून त्याच्याचकडून वाचून घ्यावेत.

प्रत्येक मुलास मूठभर लोकर पुरे. पेळू सैल वळावा आणि टकळी कापसाच्या टकळीपेक्षा जड चकतीची घ्यावी. हलकी टकळी जाड सुतास पुरेसा पीळ देत नाही.