परदेशात गेल्यावर नाव बदलावं का? चिनी ‘जॅक’ आणि सोलापूरचे ‘के दिहुआ’

‘अलीबाबा’चे जॅक मा यांचं खरं नाव मा युन. ‘जॅक’ हे नाव त्यांना तरुणपणी ओळख झालेल्या एका परदेशी पर्यटकाकडून मिळालं. परदेशी राहणारे अनेक चिनी लोक असं दुसरं नाव घेतात. ही निव्वळ सोय आहे, की ओळख पुसणं?

दुसरं नाव का घेतात?

चिनी भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. त्यामुळे परक्याच्या तोंडी नावाचं भलतंच काही होतं. शिवाय आडनाव आधी येतं. शी चिनफिंग यांच्या नावातलं ‘शी’ हे आडनाव आहे.

आपलंही वेगळं नाही. जालना जिल्ह्यातल्या ‘केदारखेडा’ गावाचं नाव इंग्रजीत लिहून परदेशी माणसाला वाचायला द्या, तो ‘केडारकेडा’ म्हणेल. ‘बाळकृष्ण’मधल्या ‘ळ’चे हाल तर विचारूच नका.

फक्त उच्चाराचाच प्रश्न आहे का?

नाही, पोटापाण्याचाही आहे. कॅनडातल्या टोरोंटोत नोकरीसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले गेले. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिनी आणि भारतीय नावांपेक्षा इंग्रजी नावांच्या अर्जांना जास्त बोलावणी आली होती. म्हणजे दोष नावाचा नव्हता, निवडणाऱ्यांच्या नजरेचा होता.

मराठी माणसाचं चिनी नाव

१९३८ साली चीनमध्ये गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. पथकातल्या पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. त्यांच्या मुलाचं नाव होतं ‘यिनहुआ’: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. नवं नाव आलं, पण जुनं गेलं नाही. सोलापूरकरांसाठी ते आजही डॉ. कोटणीसच आहेत.

आणि चिनी माणसाचं भारतीय नाव

चिनी सैनिक वांग ची १९६३ साली भारतात पकडले गेले. तुरुंगातून सुटल्यावर त्यांना महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत ठेवलं गेलं. तिथे ते ‘राजबहादूर’ झाले, संसार थाटला. मायदेशी जाऊन आपल्या माणसांना भेटायला मात्र २०१७ साल उजाडलं. गावाने नाव दिलं, पण घरची ओढ काही सुटली नाही.

मग बदलावं का?

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. काहींना ते आवडतं, काहींना टोचतं. फरक एकाच गोष्टीने पडतो: तिला कुणी विचारलं होतं का?

परदेशातही हाच निकष लावावा. ऑफिसात सोपं नाव सांगायचं असेल तर खुशाल सांगा, पण ते स्वतः निवडा. पासपोर्ट, पदवी आणि बँकेच्या कागदांवर एकच नाव ठेवा, नाहीतर प्रत्येक अर्जाला खुलासे देत बसावं लागतं. आणि समोर एखादा चिनी सहकारी ‘मी डेव्हिड’ म्हणाला, तर त्याचं मूळ नाव विचारून एकदा म्हणून बघा. चुकलं तर तो सुधारेल.