ट्रॅक्टरचे ऑइल घरीच बदला. पण सण पाहून नव्हे, तास मोजून

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते, कुंभारी



खंडेनवमीला आपल्याकडे ट्रॅक्टर धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजा होते. त्याच मुहूर्तावर बरेच जण इंजिनचे ऑइलही बदलतात. त्यानंतरचे ऑइल एकदम पाडव्याला. मधल्या काळात अख्खा गाळप हंगाम येऊन जातो, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

माझे काम तसे बेण्याचे, लागणीचे, खोडव्याचे. मी काही मिस्त्री नव्हे. पण तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा म्हणून आम्ही तोडीचा प्रोग्रॅम लावायचा, आणि दोन ट्रेलर भरलेला ट्रॅक्टर अक्कलकोट रस्त्याला इंजिन धरून बसायचा, असे झाले की सगळेच मुसळ केरात. ऊस वाळतो, वजन घटते, टोळी बसून राहते. इंजिन खोलायचा खर्च वेगळा आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून या खेपेला उसाऐवजी ऑइलवर लिहितो आहे.

आधी हिशेब बघा. बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल 250 तासांनी बदलावे असे असते. काही जुन्या मॉडेलना त्याहून लवकर, काही नव्या मॉडेलना उशिरा; आपल्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो खरा. आता उसाच्या वाहतुकीवरचा ट्रॅक्टर दिवसाला 12 तास चालतो असे धरले तर 250 तास एकवीस दिवसांत भरतात. दोन ड्रायव्हर आलटून पालटून 18 तास चालवत असतील तर चौदा दिवसांतच. हंगाम 120 दिवसांचा धरला आणि रोजचे 12 तास धरले तर होतात 1440 तास. म्हणजे हंगामात पाच वेळा ऑइल बदलायला हवे, आणि आपण बदलतो शून्य वेळा!

काट्यापुढे रांगेत उभा असताना इंजिन चालूच ठेवायची काहींना सवय असते. ते तासही यात मोजायचे. उलट नुसत्या चालू इंजिनात पुरेशी उष्णता होत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि काजळी ऑइलमध्ये उतरते. रांग लांब असेल तर इंजिन बंद करावे. तासाचे मीटर बंद पडले असेल तर ते दुरुस्त करून घ्यावे. तोवर खेपांच्या वहीतच रोजचे तास लिहावेत.

दुसरा एक गैरसमज. "नवं ऑइल घातलं आणि दोन दिवसांत काळं झालं, दुकानदारानं फसवलं," अशी तक्रार नेहमी कानावर येते. डिझेल इंजिनात चांगले ऑइल लवकर काळे होतेच. त्यात काजळी धुऊन धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. काजळी दट्ट्याच्या रिंगांत न बसता ऑइलमध्ये तरंगत राहिली, म्हणजे ऑइल आपले काम करते आहे. मात्र ही द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात, आणि ती संपली की नाही हे रंगावरून किंवा बोटात चोळून कळत नाही. म्हणून तर तास मोजायचे.

फिल्टरच्या बाबतीत काटकसर करू नका. नव्या ऑइलला जुना फिल्टर म्हणजे आंघोळ करून मळकेच धोतर नेसण्यासारखे. फिल्टरचा कागद घाणीने चोंदला तरी इंजिन काही बंद पडत नाही, कारण ऑइल अडू नये म्हणून एक बगलेची वाट ठेवलेली असते. ती वाट उघडली की ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जाते. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. आतल्या आत झीज चालू राहते.

आता प्रत्यक्ष काम. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हँडब्रेक लावून चाकाला पुढे-मागे दगड लावावेत. नांगर किंवा रोटाव्हेटर जोडलेला असेल तर जमिनीवर टेकवावा. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होऊन तळाची घाण घेऊन बाहेर पडते. थंड ऑइल काढले तर निम्मी घाण चेंबरमध्येच राहते. पण शेतातून आल्या आल्या प्लग खोलू नये, हात भाजेल.

चेंबरखाली रुंद घमेले ठेवून तळाचा प्लग काढावा. इथे एक सावधगिरी: मागे गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे प्लग वेगळे असतात. चुकून तेच ऑइल घमेल्यात यायचे! इंजिनच्याच चेंबरचा प्लग आहे ना, हे पुस्तिकेतल्या चित्रावरून पाहून घ्यावे. ऑइल भरायचे झाकण वरून काढून ठेवले की धार मोकळी पडते. शेवटचे थेंब गळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, घाई करू नये.

तोवर फिल्टर काढावा. डब्याचा फिल्टर असेल तर पट्टीच्या पान्याने सैल करून हाताने फिरवावा. काढल्यावर पहिली गोष्ट ही बघावी, की जुनी रबरी रिंग वरच्या बैठकीला चिकटून तर राहिली नाही ना. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर इंजिन चालू होताच दाबाने ऑइल बाहेर उडते आणि काही क्षणांत चेंबर रिकामे होते. बैठक स्वच्छ फडक्याने पुसावी. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने थोडे नवे ऑइल लावावे, आणि रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा आवळावा. फिल्टरच्या डब्यावर वेगळे छापले असेल तर तसे करावे. पाना लावून आवळू नये. जुन्या पद्धतीचा, वाटीत बसणारा फिल्टर असेल तर वाटी डिझेलने धुऊन, पुसून कोरडी करावी आणि तिची रिंगही नवी घालावी. प्लगखालचा वायसर शक्यतो नवा टाकावा. प्लग आधी हातानेच आट्यात बसवावा, मग पान्याने आवळावा. पान्याला पाइप लावून लोंबकळू नये, आटे जातात.

ऑइल भरताना चाळणी आणि स्वच्छ नरसाळे वापरावे. युरियाच्या पोत्याशेजारी पडलेले, धुळीने भरलेले नरसाळे नको. पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा थोडे कमी भरून पट्टी बघावी. मग इंजिन चालू करावे, पण ॲक्सिलरेटर दाबू नये. ऑइल दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर ताबडतोब बंद करावे. टर्बोच्या इंजिनाला ही गोष्ट जास्तच जपावी लागते. दोन मिनिटांनी बंद करून प्लग आणि फिल्टरपाशी गळती आहे का हे पाहावे, आणि ऑइल खाली उतरल्यावर पुन्हा पट्टी बघून दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ पातळी आणावी. वरची खूण ओलांडू नये. "थोडं जास्तच असू दे" हे इथे चालत नाही; जादा ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळते आणि सीलमधून गळते.

ऑइल कोणते? डब्यावर 15डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-40 असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीत ऑइल किती वाहते याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहते याचा. त्याखेरीज सीएफ-4, सीएच-4, सीआय-4 अशी अक्षरे असतात. 'सी' डिझेल इंजिनाचा, 'एस' पेट्रोलचा. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाच्या खालचे घेऊ नये. दुकानात पक्की पावती घ्यावी, सील तपासावे. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून कोणी परत विकणार नाही.

काढलेले ऑइल टाकण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा नीट बघा. दुधाच्या चहासारखे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. फार पातळ आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल पंप किंवा नोझल गळते आहे. उन्हात धरल्यावर सोनेरी-रुपेरी चकाकी दिसली तर बेअरिंग झिजते आहे. या तिन्ही वेळा नवे ऑइल घालून खेपेला निघू नये, मिस्त्रीला बोलवावे.

हे काळे ऑइल विहिरीजवळ, चारीत किंवा उकिरड्यावर ओतू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने सांगितले आहे की एका गाडीचे काढलेले ऑइल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वेळ येते, तिथे हे परवडायचे नाही. जनावरांच्या खरजेवर ते चोळतात तेही बंद करावे, आणि आपल्याही हाताला लागलेले साबणानेच धुवावे, डिझेलने नव्हे. आपल्याकडच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून, पाणी न मिसळता, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल गोळा करणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला द्यावे.

दाराशी मोटार असलेल्यांना हेच सगळे लागू आहे. फक्त तिथे तासांऐवजी किलोमीटर मोजायचे. बऱ्याच गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पण ट्रॅक्टरखाली हात सहज जातो, मोटारीखाली जात नाही, आणि मग माणूस जॅक लावून आत सरकतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. पक्का स्टँड किंवा खड्डा नसेल तर ते काम गॅरेजलाच द्यावे. बीएस-6 डिझेल गाड्यांना धुराड्यात काजळीची जाळी असते, त्यांना कमी राखेचे खास ऑइल लागते. ट्रॅक्टरचे उरलेले त्यात ओतू नये. गाडी किंवा ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग कंपनीकडेच करून घ्याव्यात, आणि त्यानंतर घरी केलेल्या प्रत्येक बदलीची तारीख, तास व पावती वहीत लावून ठेवावी.